एका थापेचं पुनर्मूल्यांकन

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या मालिकेच्या चाहत्यांचं आपसांत कशावरही जमत नाही. कटाराने शेवटी कोणाचा हात धरायला हवा होता, दुसरं पर्व सरस की तिसरं, शेवटच्या लढाईआधी ते अवाढव्य सिंहमुखी कासव अवचित उगवलं ते बरं झालं की वाईट, यावर माणसं गेली वीस वर्षं हिरिरीने भांडत आली आहेत. पण पहिल्या पर्वातला अकरावा भाग टाकाऊ आहे, या एका मुद्द्यावर सगळ्यांचं गळ्यात गळा घालून एकमत होतं. भागाचं नाव ‘द ग्रेट डिव्हाइड’. आपण त्याला महादरी म्हणू. २० मे २००५ रोजी तो अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला आणि तेव्हापासून चाहत्यांच्या याद्यांमध्ये तळाची जागा त्याने इमानेइतबारे राखली आहे. गंमत म्हणजे या भागाचा विषयच मुळी शंभर वर्षं भांडत असलेल्या दोन जमातींचा समेट हा आहे. पडद्यावर तो समेट जेमतेम जमतो. पडद्याबाहेर मात्र या भागाने जी एकी घडवली, ती भल्याभल्या शांतिदूतांना साधलेली नाही.

त्याची टिंगल करण्यात घरचेही मागे राहिले नाहीत. २००८ साली मालिका संपत आली असताना एका भागात आपले नायक एका नाटकाला जाऊन बसतात. नाटक त्यांच्याच पराक्रमांवरचं. रंगमंचावरचे खोटे नायक उडत उडत महादरीवर येतात, ती केवढी मोठी आहे याची एका वाक्यात वाखाणणी करतात, आणि न थांबता तसेच पुढे निघून जातात. प्रेक्षक खो खो हसतात. या नाटकाच्या भागाचा दिग्दर्शक जियानकार्लो व्होल्पे. महादरीचा दिग्दर्शकही तोच. महादरी लिहिणारे जॉन ओब्रायन हेही त्या विनोदाच्या लेखकांपैकी एक. आपल्याच पोराच्या प्रगतिपुस्तकावर पंगतीत विनोद करणारे बाप आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण ते पोरगं त्या वेळी कोपऱ्यात बसून निमूटपणे ऐकत असतं हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

माझ्याकडे एक जुनी वही आहे. हॉस्टेलवर मित्राच्या हार्ड डिस्कवरून ही मालिका पाहिली तेव्हा प्रत्येक भागाला दहापैकी गुण देण्याचं व्यसन मला लागलं होतं. त्या वयात माणसाला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे निकाल देण्याची हौस फार असते. त्या वहीत अकराव्या भागापुढे तीन गुण आहेत आणि शेरा आहे, ‘पाट्या टाकल्यात.’ अक्षर ठाम आहे. खाली रेघही मारली आहे. परवा माझी बारा वर्षांची भाची सुट्टीला आली आणि तिने ही मालिका पहिल्यापासून सुरू केली, तेव्हा अकराव्या भागाशी येताच ती म्हणाली, “मामा, हा स्किप कर ना. सगळे म्हणतात बोअर आहे.” तिला सगळे कुठे भेटले कोण जाणे. पण ज्याची उत्तरपत्रिका कोणी उघडूनही बघत नाही अशा परीक्षार्थीबद्दल मला एकदम कणव आली. आपल्या विद्यापीठांतून पैसे भरून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, महिना-दोन महिने वाट पाहता येते आणि मग बहुधा ‘नो चेंज’ असा दोन शब्दांचा निरोप येतो. म्हटलं, निदान अर्ज तरी घेऊ.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाणी, माती, अग्नी आणि वारा अशा चार तत्त्वांची चार राष्ट्रं. त्यातल्या अग्नीने बाकीच्यांवर युद्ध लादलेलं. चारही तत्त्वं वळवू शकणारा एकच माणूस असतो, तो अवतार. आणि या वेळचा अवतार म्हणजे आंग नावाचा बारा वर्षांचा तुळतुळीत डोक्याचा मुलगा. हा ऐन वेळी हिमनगात गोठला तो थेट शंभर वर्षांनी बाहेर आला. तोवर त्याची वायुलोकांची सबंध जमात मारली गेली होती. मायकल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको या दोघांनी हे जग कल्पिलं, कोरियातल्या स्टुडिओंनी ते हलतं-बोलतं केलं, आणि प्रत्येक तत्त्वाच्या हालचालींसाठी चिनी युद्धकलेची एकेक शैली पायाला धरली. म्हणून इथे पाणी ताई ची खेळल्यासारखं संथ वळतं आणि माती पाय रोवून उभी राहते. तीन पर्वं, एकसष्ट भाग. आंगबरोबर दक्षिण ध्रुवाकडची दोन भावंडं आहेत, कटारा आणि सोका. शिवाय मोमो नावाचं एक लेमूर आणि सहा पायांचा एक उडता गवा आहे. त्या गव्याचं नाव आप्पा. आमच्या घरात थोरल्या काकांना आप्पा म्हणत, त्यामुळे संकटसमयी सगळे आप्पाच्या पाठीवर चढून बसतात या प्रसंगाकडे मी आजही पुरेशा गांभीर्याने पाहू शकत नाही.

तर महादरी. भाग सुरू होतो तो ताडपत्रीने. मुक्कामाला सोकाने तंबू ठोकला आहे, पण वर ताडपत्री घातलेली नाही. कटारा म्हणते, ताडपत्री कुठे? सोका म्हणतो, कोरडा ऋतू आहे, पाऊस कुठून यायला. आणि ताडपत्री पांघरायला बरी पडते. मग तोही तिने आणलेल्या सरपणाला नावं ठेवतो. दोघं हमरीतुमरीवर येतात. आंग येतो, दोघांची कामं अदलाबदली करून देतो आणि तंटे सोडवणं हा अवताराच्या हातचा मळ आहे अशा थाटात हात झटकतो. पुढच्या वीस मिनिटांची सगळी फजिती या एका आत्मविश्वासात दडलेली आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी या प्रसंगाला ‘वेळकाढूपणा’ म्हटलं असणार. आता मात्र मी तो मागे नेऊन पुन्हा पाहिला. जगात शंभर वर्षांचं युद्ध चाललंय, धूमकेतू येऊन सगळं भस्म व्हायचंय, आणि दोन भावंडं ताडपत्रीवरून भांडतायत. अगदी बरोबर आहे. माणसं धूमकेतूवरून भांडत नाहीत. धूमकेतूबद्दल सगळ्यांचं मत एकच असतं.

मग दरीच्या काठावर दोन जमाती भेटतात. दोघीही युद्धातून पळून बा सिंग से या तटबंदीच्या शहराकडे निघालेल्या निर्वासितांच्या. गान जिन हे नीटनेटके, इस्त्रीच्या घडीतून आत्ताच बाहेर काढल्यासारखे. त्यांचा म्होरक्या पांढऱ्या दाढीचा, शब्द तोलून बोलणारा म्हातारा. झांग हे मळके, मोकळेढाकळे, हाताने खाऊन बाहीला पुसणारे. त्यांची पुढारी दांडगी, विस्कटल्या केसांची बाई. गान जिननी आपला माणूस आधीच पाठवून दरीच्या तोंडाशी नंबर लावून ठेवलेला आहे, एसटीत रुमाल टाकून ठेवावा तसा. रुमालाला मान द्यायचा की आधी आला त्याला, यावर पहिली ठिणगी उडते. आंग तोडगा काढतो: दोघांनी मिळून दरी उतरायची, आजारी आणि म्हातारे आप्पाच्या पाठीवरून पलीकडे. अट एकच, जवळ अन्न ठेवायचं नाही. दरीत राहणाऱ्या नांगीपायांच्या भयंकर जनावरांना त्याचा वास लागतो. वाटाड्या हे बजावून सांगतो. पुढे एका जनावराच्या तावडीत सापडून त्या बिचाऱ्याचे दोन्ही हात मोडतात. तो मातीला वळवणारा असल्याने हात मोडले की विद्याच गेली. उरलेला सगळा भाग तो फळ्या बांधलेले हात पुढे धरून, आपण दरीतच राहणार या भाकिताला उजाळा देत चालत असतो. त्याचं कोणी ऐकत नाही. ज्याला रस्ता ठाऊक असतो त्याचे हात बांधलेले असतात, हे बहुधा लेखकाच्या मनातही नसेल, पण चित्र तसंच उमटलं आहे.

रात्री दोन्ही जमाती वेगवेगळा तळ टाकतात. आंगने हेरगिरीसाठी सोकाला झांगकडे आणि कटाराला गान जिनकडे पाठवलेलं. आणि इथे ती ताडपत्री परत येते. सोका विचारतो, तुम्ही ताडपत्री नाही घालत? झांग म्हणतात, कशाला, कोरडा ऋतू आहे. आणि पांघरायला बरी पडते. सोकाला भरून येतं. तिकडे कटारा विचारते, तुम्हाला पाऊस येईलसं वाटतं? गान जिन म्हणतात, नाही, पण खबरदारी घेतलेली बरी. तिलाही आपली माणसं सापडतात. एवढ्यावर न थांबता दोन्हीकडे लपवलेलं अन्न बाहेर निघतं. दोघांची सबब एकच: ते पलीकडचे आणणार हे ठरलेलंच, मग आम्हीच का उपाशी मरावं? एकमेकांबद्दल शंभर वर्षांत त्यांना बरोबर कळलेली ही एकच गोष्ट. अविश्वास इतका काटेकोर असला की तो जवळजवळ विश्वासासारखा वागतो.

भांडणाचं मूळ मात्र साधं आहे. गान जिन सांगतात, आमचा जिन वेई पवित्र गोळा पूर्वेच्या दरवाजातून पश्चिमेकडे नेत होता. झांगांच्या वेई जिनने त्याला पाडून गोळा चोरला. झांग सांगतात, वेई जिनला जिन वेई वाटेत कोसळलेला दिसला. त्याचं व्रत पुरं व्हावं म्हणून त्याने गोळा उचलला आणि या उपकाराची फेड म्हणून गान जिननी त्याला वीस वर्षं तुरुंगात डांबलं. नावांची ही उलटापालट पहिल्या वेळी मला आळस वाटली होती. दोन्ही कहाण्या वेगवेगळ्या चित्रशैलींत काढल्या आहेत हेही तेव्हा मी नोंदलं नव्हतं. गान जिनचा भूतकाळ जुन्या चित्रासारखा संयमित, झांगांचा ओबडधोबड आणि रांगडा. जो तो आपल्या घराण्याचा इतिहास आपल्या हस्ताक्षरात लिहितो. या कल्पनेला तरी मी वाढीव गुण द्यायला तयार आहे.

दोन्ही कहाण्या ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे रत्नागिरीकडचा आमचा गडगा उभा राहिला. गडग्याच्या अलीकडे आप्पाकाका, पलीकडे नानाकाका, आणि मधोमध एक फणस. बुंधा आप्पाकाकांच्या बाजूला, फांद्या नानाकाकांच्या. आप्पाकाका सांगत, झाड आजोबांनी माझ्या वाट्यात लावलं. नानाकाका सांगत, झाड माझ्याच वाट्यात होतं, एका पावसाळ्यात गडगा सरकला. चिरेबंदी गडगा पावसात कसा सरकतो हे कोणी विचारायचं नाही. आप्पाकाकांच्या अंगणात चुलीची लाकडंसुद्धा लांबीप्रमाणे रचलेली. नानाकाकांच्या पडवीत चप्पल शोधायची तर आधी मांजर उठवावं लागे. दोघं बोलत नसत. आजी महिनाभर एकाकडे आणि महिनाभर दुसऱ्याकडे राही, आणि घर बदलताना पदराला गाठ मारून एकेक निरोप नेई. “आप्पा विचारत होता हो, नान्याचा खोकला बरा आहे का.” आप्पाकाकांनी असं काही विचारलेलं नसे. नानाकाकांना खोकलाही नसे. पण भाऊ विचारतोय म्हटल्यावर माणुसकी म्हणून ते जरा खोकत. तो खोकला गडग्यापलीकडे ऐकू जाई आणि मग आप्पाकाका खरोखरच ज्येष्ठमधाची पुडी पाठवून देत. “ज्येष्ठमध बरा होता असं सांग,” असा नानाकाकांचा पहिला खरा निरोप त्यामुळे निघाला. पुढे दोघं बोलायला लागले. फणसाबद्दल मात्र कधीच नाही.

आंगची थाप याच जातीची आहे. दरीत सगळ्यांचं चोरटं अन्न उघडं पडतं (उपाशी आंग एवढ्या संतापातही त्या ढिगात अंड्याचा कस्टर्ड टार्ट बघून क्षणभर विरघळतो), जनावरं धावून येतात, आणि शेवटी अन्नाच्याच पिशव्या त्यांच्या तोंडांना बांधून, त्यांच्याच पाठीवर बसून दोन्ही जमाती वर येतात. वर येताच म्होरके पुन्हा तलवारी उपसतात. तेव्हा आंग सांगतो की मी शंभर वर्षांपूर्वी तिथे होतो. जिन वेई आणि वेई जिन हे जुळे भाऊ, आठ वर्षांचे. पवित्र गोळा म्हणजे चेंडू. पूर्व-पश्चिमेचे दरवाजे म्हणजे दोन बाजूंचे गोल. खेळाचं नाव रिडेम्प्शन. जिन वेई पडला, वेई जिनने चेंडू उचलला, पळताना पाय रेषेबाहेर गेला, आणि पंचांनी त्याला बाहेर बसवलं ते वीस वर्षं नव्हे, दोन मिनिटं. शंभर वर्षांचं वैर खाली बसतं. जमाती एकत्र निघून जातात. आणि मग आंग कटारा-सोकाला हसत सांगतो की सगळं मनाने रचलेलं होतं. कटारा म्हणते, हे फार वाईट आहे. आंगला टार्ट हवा असतो.

चाहत्यांचा राग इथे आहे. शांततेचा पुतळा असलेल्या नायकाने थाप मारून प्रश्न सोडवला आणि त्याची त्याला काडीची खंत नाही. आपल्याकडे धर्मराजाने ‘नरो वा कुंजरो वा’ एवढंच म्हटलं, म्हणजे खरं तर अर्धंच खोटं बोलला, तरी जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आंग तर सपशेल खोटं बोलला, आणि आप्पा मात्र पुढच्या भागात तेवढाच उंच उडताना दिसतो. याचा हिशेब मला नीट लागेना. तेवढ्यात शेजारून भाची म्हणाली, “मग त्यांना खरं काय होतं ते कधीच कळणार नाही?” मी म्हटलं, नाही बहुतेक. ती म्हणाली, “आणि कोणी शोधून काढलं तर?”

हा प्रश्न मालिकेला पडत नाही, ही तिची खरी उणीव. आमच्याकडे तो आजीच्या तेराव्याला पडला. दोघं काका ओटीवर बसले होते आणि बोलता बोलता नानाकाका म्हणाले, “तू माझ्या खोकल्याची फार चौकशी करायचास रे.” आप्पाकाका म्हणाले, “मी? तूच माझ्या गुडघ्याचं विचारायचास ना?” मग दोघांनी बराच वेळ अंगणात पाहिलं. आप्पाकाकांनी पान लावलं, एक नानाकाकांपुढे ठेवलं. आजीची थाप उघडी पडली होती, पण ती उघडी पडण्याआधी तिने आपलं काम इतकी वर्षं केलं होतं की आता ती मागे घेण्यासारखी राहिली नव्हती. महादरीच्या लेखकांना ही ओटीवरची दहा मिनिटं सुचायला हवी होती. गान जिन आणि झांग यांची पोरं बा सिंग सेच्या एखाद्या गल्लीत खरोखरच रिडेम्प्शन खेळतायत, आणि कोणी पोथीपंडित येऊन सांगतोय की असा खेळ कधी नव्हताच, आणि एक पोरगं म्हणतंय, हो का, बरं, बाजूला व्हा, माझी पाळी आहे.

त्या रात्री भाची झोपल्यावर मी आणखी एक गोष्ट केली, जी वहीच्या काळात मला सुचली नव्हती. भागाच्या शेजारचे दोन भाग पाहिले. आधीचा दहावा भाग ‘जेट’. त्यात त्याच नावाचा एक देखणा बंडखोर मुलगा अग्निराष्ट्राच्या ताब्यातलं गाव बुडवण्यासाठी धरण फोडायचा बेत करतो आणि कटारा-आंगला थाप मारतो की पाणी आग विझवायला हवंय. फसतात दोघंही, शंका येते ती फक्त ताडपत्री न घालणाऱ्या सोकाला. म्हणजे एका थापेपायी अख्खं गाव बुडालं, माणसं तेवढी सोकामुळे वाचली, आणि लगेच पुढच्या भागात त्याच फसलेल्या मुलाने एका थापेने दोन जमाती वाचवल्या. हे लेखकांनी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. पण शेजारी-शेजारी ठेवलं की ते दिसतं.

नंतरचा बारावा भाग ‘द स्टॉर्म’. हा चाहत्यांचा लाडका, आणि योग्यच आहे. त्यात आंग पहिल्यांदा खरं बोलतो. वादळात, एका गुहेत, तो कटाराला सांगतो की आपण अवतार आहोत हे कळल्यावर काय झालं. हवेचा गोळा करून त्यावर बसून पळण्याची कसरत त्याने स्वतः शोधून काढली होती, सोबत्यांना दाखवली होती. ते सगळे ती शिकले, त्यावर खेळायला लागले, आणि आंग खेळायला गेला तेव्हा म्हणाले, तू नको. तू अवतार आहेस. तू ज्याच्या बाजूला जाशील ती बाजू जिंकणार, ते न्याय्य नाही. पोरं दुष्ट नव्हती. नियम बरोबरच होता. आंग बाजूला उभा राहिला. त्यानंतर वडीलधाऱ्या भिक्षूंनी त्याला त्याच्या लाडक्या ग्यात्सो गुरूंपासून तोडायचं ठरवलं, तो आप्पावर बसून पळाला, वादळात सापडला आणि गोठला. परत आला तेव्हा खेळणारी पोरंही नव्हती, ग्यात्सोही नव्हते. शंभर वर्षांपूर्वीचं ओळखीचं जिवंत माणूस म्हणजे एकटा ओमाशूचा राजा बुमी, वय ११२, डोकं थोडं सरकलेलं.

हे पाहून मी परत अकराव्या भागाच्या शेवटाशी गेलो. शंभर वर्षांपूर्वी मी तिथे होतो, असं म्हणणं हे या मुलाचं सगळ्यात मोठं दुःख आहे. प्रत्येक भागात कुठे ना कुठे ते त्याला टोचतं. महादरीत मात्र तो तेच वाक्य खिशातून नाणं काढावं तसं सहज काढतो आणि त्यावर दोन जमातींची सुटका विकत घेतो, कारण ते तिथे फक्त त्यालाच म्हणता येतं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. आणि रचायला बसल्यावर त्याला सुचतं काय? युद्ध नाही, राजा नाही, देव नाही. एक खेळ. दोन बाजू, एक चेंडू, जुळे भाऊ, म्हणजे बळ अगदी समसमान. ज्याने चूक केली त्याला शिक्षा दोन मिनिटं बाहेर बसण्याची. दोन मिनिटं झाली की परत आत यायचं. आंगला शंभर वर्षं बाहेर बसवलं गेलं होतं, आणि त्याने कुठलाच नियम मोडलेला नव्हता. म्हणून त्या शेवटच्या हसण्यात मला आता लबाडी दिसत नाही. खेळात घेतलेल्या पोराचं ते हसणं आहे. खेळ त्याने स्वतःच रचलेला, हा भाग वेगळा.

तरीही पुनर्मूल्यांकन म्हणजे खिरापत नव्हे. दोन्ही जमाती रंग देऊन उभ्या केलेल्या पुठ्ठ्यासारख्या आहेत. म्होरके सोडले तर एकही चेहरा लक्षात राहत नाही. मालिकेचा सगळ्यात उत्तम जीव, अग्निराष्ट्राचा हद्दपार राजपुत्र झुको, या भागात फिरकतच नाही आणि त्याची उणीव पदोपदी भासते. जनावरांच्या पाठीवर बसून वर येण्याचा प्रसंग घाईत उरकला आहे. शेवटच्या दोन मिनिटांत सगळं आटोपलं आहे, आणि कटाराचा आक्षेप इतका रास्त असून त्याला उत्तर म्हणून टार्ट पुढे केला आहे. हे सगळं वहीत होतं, आणि ते तसंच राहील. वहीतले तीन गुण त्या वेळच्या परीक्षकाने दिले आहेत. ते मी खोडत नाही. त्यांच्या शेजारी दुसऱ्या शाईने नवे लिहिले आहेत: ताडपत्रीला दीड, दोन हस्ताक्षरांच्या इतिहासाला अर्धा, मोडक्या हातांच्या वाटाड्याला अर्धा आणि रिडेम्प्शनला एक. जुन्या तिनात मिळवले की बेरीज होते साडेसहा. भाचीने चार दिलेत आणि ती ऐकायला तयार नाही.

तुम्ही ही मालिका कधी पाहायला घेतलीत, तर अकरावा भाग गाळू नका. फक्त तो सुटा पाहू नका. दहावा, अकरावा आणि बारावा एकाच संध्याकाळी, ओळीने पाहा. आणि मुलं बरोबर असतील तर मधे खायला काहीतरी ठेवा, कारण टार्टचा विषय निघाल्यावर कोणालाच धीर धरवत नाही.